गाणे कुणाच्या नावावर? नामवंत गायकाच्या पश्चात वारशाचा कारभार

परभणी जिल्ह्यातल्या एका गावी, पंचक्रोशीत नावाजलेल्या एका भारूडकार बुवांचे तेरावे झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या माजघरातली पत्र्याची पेटी उघडण्यात आली, तेव्हा मी तिथे हजर होतो. कायद्याचा कागद वाचून सांगणारा माणूस म्हणून मला बोलावणे आले होते. पेटीत तांबड्या फडक्यात बांधलेली, हाताने लिहिलेल्या गाण्यांची तीन बाडे निघाली, नावांची शाई उडून गेलेल्या पन्नासेक कॅसेटी निघाल्या, टाळांचा एक जोड, मानधनाच्या काही पावत्या आणि १९९८ सालचा, मुद्रांकावर लिहिलेला एक करार निघाला. त्या कराराची घडी इतकी कुजली होती की उलगडताच त्याचे दोन तुकडे झाले. तळाशी बुवांचा जुना मोबाइल होता. तोवर घरात चर्चा होती ती सातबाऱ्यावर वारस नोंद लावायला तलाठ्याकडे कोणी जायचे, पतसंस्थेतल्या ठेवीवर वारस म्हणून कोणाचे नाव आहे आणि दोघी बहिणी हक्कसोड पत्रावर सही करणार की नाही, एवढीच. गाण्यांचे काय, हा प्रश्न धाकट्या मुलीने विचारला. थोरला म्हणाला, “गाणे बापाचे, म्हंजी आपल्या समद्यायचे.”

हे उत्तर चूक नाही, पण अर्धे आहे. बुवांचे गाणे खरोखर बुवांच्या मालकीचे होते का, असल्यास त्यातले किती, आणि ‘समद्यायचे’ म्हणजे नेमके कुणाचे व किती काळ, हे तिन्ही प्रश्न सोडवल्याशिवाय गायकाच्या वारशाचा कारभार सुरूच होत नाही. मुंबईतला चित्रपट संगीतकार असो, अमेरिकेतला पॉप गायक असो की गंगाखेडच्या बाजूचा एखादा गोंधळी असो, रकमेतले अंतर फार मोठे असले तरी गाठी जवळपास त्याच असतात.

कायद्याच्या नजरेने एका गाण्यात निदान चार वेगवेगळ्या मिळकती असतात. शब्द ही एक, चाल ही दुसरी, प्रत्यक्ष गायन ही तिसरी आणि त्या गायनाचे ध्वनिमुद्रण ही चौथी. चारही एकाच माणसाच्या असतील असे मुळीच नाही. पेटीतल्या एका कॅसेटवर एकनाथांचे भारूड होते. त्यातले शब्द चारशे वर्षांपूर्वीचे असल्याने ते कुणाच्याच मालकीचे नाहीत, म्हणजेच सर्वांचे आहेत. चाल परंपरागत असेल तर तीही सर्वांची, पण बुवांनी स्वतः बांधलेली असेल तर ती बुवांची. गायन बुवांचे, यात वाद नाही. ध्वनिमुद्रण मात्र सहसा ज्याने स्टुडिओचा खर्च केला त्या कंपनीचे असते. मुलांनी आयुष्यभर ‘आमच्या बापाची कॅसेट’ म्हटले, तरी कॅसेटमधली पट्टी बापाची नसते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जरा अवघड जाते.

या चार मिळकतींचे आयुष्यही सारखे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांवरील हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रकाशित झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे चालतो, तर गायकाचा हक्क गायनाच्या पुढील वर्षापासून ५० वर्षे असतो. गायकाचा हा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात आला, त्याआधी नुसते गाणाऱ्याला कायद्याच्या लेखी काही मिळकत नव्हती. आमच्या बुवांनी स्वतः रचलेले एखादे गाणे १९९८ साली गाऊन त्याच वर्षी ते बाजारात आले असेल आणि बुवा २०२४ साली गेले असतील, तर गायकाचा हक्क २०४८ अखेर संपतो, ध्वनिमुद्रणावरचा २०५८ अखेर आणि शब्द-चालीवरचा थेट २०८४ अखेर. आज पाळण्यात असलेला नातू तेव्हा साठीला टेकलेला असेल.

ही मुदत पूर्वी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले आणि १९९१ अखेरीस त्यांच्या साहित्यावरचे हक्क संपत आले, तेव्हा ती मुदत ६० वर्षांची करण्यात आली, त्यामुळे त्यांच्या विश्वभारती विद्यापीठाकडे ते हक्क २००१ अखेरपर्यंत राहिले. आपल्याकडे आंबेडकर जयंतीच्या प्रत्येक मिरवणुकीत ज्यांची गाणी वाजतात त्या वामनदादा कर्डकांचे निधन १५ मे २००४ रोजी झाले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहेत. गाणे गावोगावी सर्वांच्या तोंडी असले म्हणजे ते सर्वांच्या मालकीचे झाले, असा आपल्याकडे सर्रास समज असतो. तो बरोबर नाही. एवढे मात्र खरे की खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणे म्हणण्याला कायद्याने सूट दिलेली आहे, आणि विवाहाच्या विधीलाही ती सूट आहे, त्यामुळे अखंड हरिनाम सप्ताहात बुवांची चाल लावणाऱ्या टाळकऱ्यांच्या मागे कोणी वारसाने लागू नये.

चाल कुणाची, हे सिद्ध करणे सर्वांत कठीण. त्याचे अलीकडचे उदाहरण धृपद गाणाऱ्या डागर घराण्याचे आहे. धाकटे डागर बंधू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उस्ताद नासिर झहीरुद्दीन व नासिर फैयाजुद्दीन डागर यांनी ‘शिवस्तुती’ ही रचना बांधली आणि तिचेच रूप ए. आर. रहमान यांच्या एका चित्रपटगीतात आले, असा दावा फैयाजुद्दीन यांचे पुत्र उस्ताद वासिफुद्दीन डागर यांनी दिल्ली उच्च न्यायालयात केला. एप्रिल २०२५ मध्ये एकलपीठाने त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश देऊन श्रेयनाम बदलण्यास आणि २ कोटी रुपये न्यायालयात भरण्यास सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरात द्विसदस्यीय पीठाने तो आदेश रद्द केला. एखादी रचना कुणी पहिल्यांदा गायल्याचे दिसते म्हणून तीच व्यक्ती तिची कर्ती ठरत नाही, असा त्या पीठाचा रोख होता. ज्या परंपरेत बंदिश गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जाते आणि कागदावर कधी उतरतच नाही, तिथे वारसाच्या हातात पुरावा काय उरणार? म्हणून बाडाच्या कोपऱ्यात बुवांनी ‘चाल माझी, पंढरीच्या वारीत बसवली’ असे लिहून खाली तारीख घातली होती, ती एक ओळ मला त्या अख्ख्या पेटीत सर्वांत मोलाची वाटली.

यानंतरचा प्रश्न असा की बापाने हयातीत काय काय विकून टाकले होते. कॅसेटच्या काळात मराठवाड्यातला कलावंत मुंबई-पुण्याला किंवा जवळच्या शहरातल्या स्टुडिओत जाई, एकरकमी मानधन घेई आणि कंपनीचा माणूस पुढे करील त्या कागदावर सही करून संध्याकाळच्या एसटीने परत येई. त्या कागदात शब्द, चाल आणि गायन असे सगळेच दिले गेले आहे की फक्त त्या एका ध्वनिमुद्रणापुरते दिले आहे, हे वाचल्याशिवाय कळत नाही. करार कोणत्या सालचा आहे यावर कायद्याच्या कोणत्या तरतुदी त्याला लागू होतात हे ठरत असल्याने कराराची तारीख ही मजकुराइतकीच महत्त्वाची असते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांच्या बाजूने एक मोठी गोष्ट घडवली. चित्रपटातल्या गाण्यातून चित्रपटगृहाबाहेर जी कमाई होते, आणि चित्रपटाबाहेरच्या गाण्यातूनही जी होते, तिच्यातला रॉयल्टीचा वाटा त्यांना आता कुणाला देऊन टाकता येत नाही. तो द्यायचाच झाला तर कायदेशीर वारसांना किंवा हक्कवसुली करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेलाच देता येतो. गीतकार-संगीतकारांसाठी १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे आणि गायक-वादकांसाठी वेगळी संस्था आहे. बुवा सभासद असतील तर वारसांनी तिथे मृत्यूचा दाखला व वारसाचे कागद पाठवणे हे पहिल्या महिन्यातले काम आहे. आकाशवाणीच्या परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर केंद्रावर गायलेल्या गाण्यांची गोष्ट वेगळी. तिथले ध्वनिमुद्रण त्यांच्या कराराप्रमाणे चालते आणि ते घरच्यांच्या हाती नसते, पण कोणत्या तारखेला काय गायले याचे निमंत्रणपत्र घरात जपले असेल तर निदान शोध घेता येतो.

आता ‘समद्यायचे’ या शब्दाकडे येऊ. शेतजमिनीच्या वाटणीची रीत आपल्याला पाठ आहे. बांध पडतो, पोटहिस्सा पडतो, ज्याचा तो आपले पेरतो. पण त्याच शेतातली विहीर कधी चिरून वाटता येत नाही. सातबाऱ्यावर ती सामाईक राहते, भावाभावांत पाण्याची पाळी ठरते आणि मोटारीचे बिल कोणीतरी एकाने भरायचे असते. ते त्याने भरले नाही किंवा दोघांनी एकाच दिवशी कळ दाबली, की उभा ऊस वाळतो. गाण्यावरचा हक्क हा शेतासारखा नसून विहिरीसारखा आहे. चार वारस झाले म्हणजे गाण्याचे चार तुकडे होत नाहीत, संपूर्ण गाण्यावर चौघांची सामाईक मालकी येते. एखाद्या चित्रपटाला ते गाणे वापरायची परवानगी द्यायची झाली तर एकट्याची सही पुरत नाही, सर्वांची संमती लागते. ज्या घरात विहिरीच्या पाळीवरून कुऱ्हाडी निघतात तिथे अशी चौघांची एकमताची सही कशी मिळायची, याचा विचार गाणाऱ्यानेच मरणापूर्वी करून ठेवायला हवा. उत्पन्न सर्वांत वाटावे आणि कारभार एका हाती ठेवावा, हे माझ्या मते या सबंध विषयाचे मर्म आहे.

मृत्युपत्र नसेल तर वारस कोण, हे ज्याच्या त्याच्या व्यक्तिगत कायद्याने ठरते. हिंदू पुरुषाच्या पश्चात आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांना समान वाटा मिळतो. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. आपल्याकडे भावाने साडीचोळी करायची आणि बहिणीने हक्कसोड पत्रावर सही करायची, असा प्रघात आहे. सही जमिनीसाठी आहे असे सगळेच समजतात, पण अशा लेखांच्या मजकुरात पुष्कळदा ‘सर्व स्थावर व जंगम मिळकत’ असे शब्द सवयीने घातलेले असतात, आणि त्या दोन शब्दांत बापाच्या गाण्यावरचा हक्कही वाहून जाऊ शकतो. सही करायचीच असेल तर लेखात गट नंबर लिहावा आणि गाण्यांचा हक्क त्यातून वगळल्याचे स्पष्ट लिहून घ्यावे.

स्त्री कलावंताच्या बाबतीत हिंदू वारसा कायदा अधिक बोचतो. तिचे मृत्युपत्र नसेल तर तिची मिळकत प्रथम मुले आणि नवरा यांच्याकडे जाते, आणि तेही नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. ज्या नवऱ्याने वीस वर्षांपूर्वी टाकून दिले आणि ज्याच्याशी रीतसर घटस्फोट कधी झाला नाही, तो नवरा तिच्या लावणीच्या किंवा भजनाच्या रॉयल्टीत मुलांच्या बरोबरीने वाटेकरी होतो, आणि मुले नसतील तर सगळेच त्याचे. जिने तिला सांभाळले, तिच्या साथीला हार्मोनियम धरली त्या बहिणीला कायदा ओळखत नाही. फडात आयुष्य काढलेल्या बायांना मृत्युपत्राची गरज जमीनदारापेक्षा जास्त आहे, असे मी म्हणतो ते याचमुळे.

मुस्लिम कलावंताला, मग तो खुलताबादच्या उरुसात गाणारा कव्वाल असो, कर्ज आणि दफनाचा खर्च वजा जाता साधारणपणे एक-तृतीयांश मिळकतीपुरतेच वसियतनामा करून देता येते. त्याहून अधिक द्यायचे असेल तर वारसांची संमती लागते. तेव्हा शिष्याच्या नावे गाणी ठेवायची असतील तर हा हिशेब आधी मांडावा लागतो, किंवा हयातीतच रीतसर हस्तांतर करावे लागते.

बँकेत किंवा पतसंस्थेत वारस म्हणून ज्याचे नाव लावले आहे तो मालक होतो, हा आणखी एक पसरलेला गैरसमज. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेऊन खऱ्या वारसांपर्यंत पोहोचवणारा विश्वस्त असतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या संदर्भात पुन्हा सांगितले.

मृत्युपत्र करणे मात्र लोकांना वाटते तितके अवघड नाही. त्याला मुद्रांक लागत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करणे सक्तीचे नाही पण हिताचे आहे, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. साक्षीदार म्हणून ज्याला काही मिळणार आहे तो माणूस घेऊ नये. गायकाने मृत्युपत्रात गाण्यांचा वेगळा उल्लेख केलाच पाहिजे, कारण कायद्यात एक विचित्र तरतूद दडलेली आहे. अप्रकाशित रचनेचे हस्तलिखित मृत्युपत्राने ज्याला दिले, त्यालाच त्या रचनेवरचा कॉपीराइटही मिळतो, वेगळा हेतू लिहिलेला नसेल तर. बुवांनी प्रेमाने ‘माझी बाडे थोरल्याला द्यावीत’ एवढेच लिहिले असते, तर बाडातली सगळी अप्रकाशित गाणी एकट्या थोरल्याची झाली असती आणि बाकीच्यांना ती कधी कळलीही नसती.

परदेशातल्या मोठमोठ्या गायकांनाही हे सुचले नव्हते, हे वाचून आपल्या बुवांबद्दलचा राग जरा निवळतो. प्रिन्स हा अमेरिकन गायक २१ एप्रिल २०१६ रोजी मृत्युपत्र न करताच गेला. न्यायालयाने त्याच्या सहा भावंडांना वारस ठरवले. कारभारी बँकेने मिळकतीचे मूल्य ८ कोटी २० लाख डॉलरच्या आसपास सांगितले, करखात्याने ते जवळजवळ दुप्पट लावले, आणि अखेर १५ कोटी ६० लाख डॉलरच्या घरात तडजोड होऊन वाटप व्हायला २०२२ साल उजाडले. दरम्यान काही भावंडांनी आपले हिस्से एका संगीत कंपनीला विकले होते. अरीथा फ्रँकलिन २०१८ साली गेल्या. त्यांच्या घरातल्या सोफ्याच्या उशांखाली एक वही सापडली, तिच्यात त्यांनी हाताने इच्छा लिहून ठेवली होती, आणि दुसरे एक हस्तलिखित कपाटात निघाले. दोन्हींतले कोणते खरे यावर मुलांमध्ये खटला चालला आणि २०२३ च्या जुलैत ज्यूरीने वहीतले, म्हणजे २०१४ चे, वैध ठरवले. पाच वर्षे एका उशीखालच्या वहीवर गेली.

मायकेल जॅक्सनचे उदाहरण याच्या उलट आहे. तो २५ जून २००९ रोजी गेला तेव्हा त्याच्यावर कोट्यवधी डॉलरचे कर्ज होते. पण २००२ चे मृत्युपत्र होते, सर्व मिळकत एका कौटुंबिक न्यासाकडे जाईल असे त्यात लिहिले होते आणि ते अमलात आणण्यासाठी एक वकील आणि एक संगीत व्यवसायातला अनुभवी माणूस, असे घराबाहेरचे दोघे नेमलेले होते. वकील मंडळी अशा माणसाला एक्झिक्युटर म्हणतात, आपण त्याला कारभारी म्हणू. लाभ आई, मुले आणि दानधर्म यांना, पण परवानगी देणे, करार करणे आणि कर्ज फेडणे हे कारभाऱ्यांच्या हाती, अशी ही व्यवस्था होती. घरातल्या काहींना ती रुचली नाही, तरी कर्ज फिटले आणि मिळकत वाढत गेली. विहिरीवर एकच माणूस मोटार चालवणारा असला की पाणी सगळ्यांच्या दंडाला पोहोचते, ते हेच.

आपल्याकडे हीच व्यवस्था प्रतिष्ठान काढून करण्याची आवड फार. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते, दरवर्षी पुण्यतिथीला संगीत सभा होते, तरुण गायकाला पुरस्कार दिला जातो. पण एकदा गाण्यांचे हक्क सार्वजनिक न्यासाला दिले म्हणजे ते घरचे राहत नाहीत, त्यातून मुलांच्या शिक्षणाला पैसे काढता येत नाहीत, आणि विश्वस्त बदलला की बदल अहवाल दाखल करावा लागतो. संस्थानांच्या आणि शिक्षण संस्थांच्या बदल अहवालांवरून वर्षानुवर्षे चालणारी भांडणे मराठवाड्यात कुणाला नवी आहेत? घराच्या पोटापाण्यासाठी खासगी न्यास किंवा मृत्युपत्रातला कारभारी आणि लोकांच्या स्मरणासाठी प्रतिष्ठान, अशी वाटणी मला अधिक सुरक्षित वाटते. कराची बाजू त्या मानाने सोपी आहे. भारतात वारसा कर नाही, जुनी इस्टेट ड्यूटी १९८५ सालीच रद्द झाली, त्यामुळे प्रिन्सच्या वारसांसारखी मूल्यांकनाची लढाई इथे होत नाही. मृत्यूपर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र वारसाने भरायचे आणि त्यानंतर आलेली रॉयल्टी ज्याच्या वाट्याला येईल त्याच्या उत्पन्नात धरायची, एवढेच.

पेटीतल्या त्या जुन्या मोबाइलकडे मी मुद्दाम परत येतो. बुवांचे यूट्यूब चॅनेल गावातल्या एका पोराने काढून दिले होते. जीमेल बुवांच्या नावे, जाहिरातीचे पैसे बुवांच्या खात्यात, आणि प्रत्येक वेळी उघडताना येणारा ओटीपी बुवांच्या क्रमांकावर. माणूस गेला की घरचे पहिल्यांदा त्याचे सिम बंद करतात, कारण मेलेल्या माणसाचा फोन वाजणे सोसवत नाही. असे करू नये. रिचार्ज संपून क्रमांक काही महिने वापरात राहिला नाही तर तो दुसऱ्याच कुणाला मिळतो आणि चॅनेलच्या किल्ल्या कायमच्या हरवतात. बँकेचे खाते मात्र मृत्यूची खबर पोहोचताच थांबते, तेव्हा चॅनेलची कमाई कुठे जमा होणार हे कंपनीला कागदपत्रांसह रीतसर कळवून बदलून घ्यावे लागते. हयातीतच करायचे असेल तर गूगलमध्ये आपल्या पश्चात खाते कुणाच्या हाती द्यायचे हे ठरवून ठेवण्याची सोय आहे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि माझ्या ओळखीतल्या एकाही गायकाने ते केलेले नाही.

नाव, चेहरा आणि आवाज यांचा प्रश्न अलीकडे तापला आहे. गेलेल्या गायकाच्या आवाजात संगणकाने नवे गाणे म्हणून दाखवावे, हे आता कुणाच्याही मोबाइलवर होते. जिवंत कलावंताला न्यायालये संरक्षण देऊ लागली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंह यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची अशी नक्कल रोखणारे आदेश दिले. मृत्यूनंतर हे संरक्षण वारसांकडे जाते का, याबाबत भारतीय न्यायालयांचा कल नकाराकडे आहे. सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात असे म्हटले. अमेरिकेतल्या काही राज्यांत ते वारसांकडे जातात, आणि म्हणूनच जॅक्सनच्या नाव-चेहऱ्याची मृत्यूसमयी किंमत किती होती यावर तिथे खटला चालू शकला. करखाते १६ कोटी डॉलर म्हणत होते, न्यायालयाने २०२१ मध्ये ती ४० लाखांच्या थोडी वर ठरवली.

तरीही आपल्या वारसांचे हात अगदीच रिकामे नाहीत. रचनेच्या कर्त्याचे नाव तिच्याबरोबर राहिले पाहिजे आणि त्याच्या लौकिकाला बाधा येईल अशी तिची मोडतोड होऊ नये, हा कर्त्याचा नैतिक हक्क कायद्याने मानलेला आहे आणि मृत्यूनंतर त्याचे कायदेशीर प्रतिनिधी तो बजावू शकतात. हा हक्क हक्क-विक्रीनंतरही कर्त्याकडेच राहतो. डीजेवाल्याने बुवांच्या भारुडात शिवराळ ओळी घुसडल्या, तर पैसे कंपनीला मिळत असले तरी आक्षेप मुलांना घेता येतो.

कॅसेटींचे काय करायचे, याला कायद्यापेक्षा ऊन जास्त जबाबदार आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याखालच्या पेटीत तर हात लावता येत नाही. पट्टीचे थर चिकटतात, पावसाळ्यात बुरशी धरते. जुनी कॅसेट हौसेने टेपरेकॉर्डरमध्ये घालून पाहू नये, पट्टी एकदा अडकून तुटली की परत येत नाही. ती उभी ठेवावी, स्पीकर किंवा कुठल्याही चुंबकापासून दूर ठेवावी आणि जाणकाराकडून निदान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या प्रतीत संगणकावर उतरवून घ्यावी. दोन वेगळ्या घरांत दोन प्रती असाव्यात. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे १९८२ पासूनचे संगीत अभिलेखागार आहे, तिथे मूळ प्रत जतनासाठी देताना मालकी आपल्याकडे ठेवण्याचे करारात लिहिता येते. घरच्या मैफिलीत बुवांचा घसा बसलेला असताना झालेले ध्वनिमुद्रण प्रकाशित करायचे की नाही, हा मात्र कायद्याचा प्रश्न नाही. मी असतो तर ते केले नसते. थोरल्याचे मत वेगळे होते आणि त्यावर आमचा अर्धा तास गेला.

त्या दुपारी धाकट्या मुलीने शाळेची एक कोरी वही घेऊन उभे रकाने आखले. गाण्याचे नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, साथीला कोण, कोणत्या साली, कुणाकडे ध्वनिमुद्रित, कागद आहे की नाही. साथसंगत करणाऱ्या म्हाताऱ्या मृदंगवादकाला बोलावून आणले, कारण कोणती चाल कुठे बसवली हे त्यांच्याशिवाय कुणालाच आठवत नव्हते. संध्याकाळपर्यंत ४१ गाणी लिहून झाली, त्यांतल्या नऊ चाली बुवांच्या नसून त्यांच्या गुरूंच्या निघाल्या, तेव्हा थोरल्याचा चेहरा पडला.

शेवटी १९९८ च्या कराराचे दोन तुकडे ओसरीवर काचेखाली जुळवून ठेवले. कंपनीने शब्द आणि चाल यांचे हक्क लिहून घेतले होते, सही बुवांचीच होती. पण छापील मजकुरात ‘मुदत’ या शब्दापुढची जागा कुणी भरलीच नव्हती. हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलेले नसेल तर ती मुदत पाच वर्षांची मानली जाते, असे कायदा सांगतो. ध्वनिमुद्रण कंपनीचेच राहिले, पण त्या कॅसेटवरच्या सहा गाण्यांचे शब्द आणि चाली बहुधा २००३ सालीच बुवांकडे परत आल्या होत्या, आणि त्यानंतरची वीस वर्षे बुवा ती गाणी स्वतःच्या चॅनेलवर टाकायला भीत राहिले होते. मुलीने दोन्ही तुकड्यांचे फोटो काढले, तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि सोमवारी परभणीला वकिलाकडे जायचे म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तसे लिहून ठेवले.